केशर घातलंय बरं का!

आपल्याकडे बाकीचे पदार्थ करून वाढतात. केशरीभात सांगून वाढतात. आमटीत मीठ घातलंय, असं पानावर बसलेल्याला कोणी सांगत नाही. पुरणात जायफळ घातलंय हे खाणाऱ्याला आपोआप कळतं आणि दुपारी गादीवर पडल्यावर तर खात्रीच पटते. पण केशरीभाताचं पातेलं घेऊन निघालेली बाई पहिल्याच पानाशी थबकते, आवाज अर्धी पट्टी खाली आणते आणि म्हणते, "केशर घातलंय बरं का!" आवाज खाली आणायचा तो शेवटच्या पानापर्यंत ऐकू जाईल इतपतच.

हे वाक्य त्या पदार्थाचा घटक आहे. तांदूळ, साखर, तूप, लवंगा, वेलदोडे, बेदाणे आणि हे वाक्य. पाककृतींच्या पुस्तकांत ते छापत नाहीत, कारण ते सगळ्यांना पाठ असतं. ते गाळलं तर काय होतं हे मी एका मुंजीत पाहिलं आहे. वाढणारा मुलगा नवखा होता. तो "गोड भात, गोड भात" करत पंगतीतून गेला आणि निम्मं पातेलं परत घेऊन आला. मधुमेहवाल्यांनी हात आडवा धरला, बाकीच्यांनी जिलबीसाठी जागा राखली. पुढच्या पंगतीला यजमानीणबाई स्वतः निघाल्या. मागे तोच मुलगा, तेच पातेलं, तोच भात. "केशरीभात! केशर काश्मीरचं आहे हो, मुद्दाम मागवलंय!" पातेलं पंगतीच्या टोकाला पोचायच्या आत खरवडून झालं. मघाशी हात आडवा धरणाऱ्यांपैकी एक गृहस्थ दोनदा घेऊन वर म्हणाले, "केशर बाधत नाही."

म्हणजे केशर जिभेच्या आधी कानाने खातात. हे एकदा ध्यानात घेतलं की त्याच्या खरेदीपासून पंगतीपर्यंतचे सगळे प्रकार नीट उलगडतात.

खरेदीच बघा. केशर किराणामालाच्या यादीत बसत नाही. 'तूरडाळ 2 किलो, जाडे पोहे 1 किलो, केशर 1 ग्रॅम' असं लिहिलं की यादीचाच तोल जातो. दुकानदारही ते पोऱ्याला काढायला सांगत नाही. तो स्वतः उठतो, गल्ल्यामागचं काचेचं कपाट उघडतो आणि विचारतो, "काकू, खायला हवंय की द्यायला?"

केशराच्या बाजारातला हा सगळ्यात प्रामाणिक प्रश्न. द्यायच्या डबीवर शिकारा असतो, मागे बर्फाचे डोंगर, पुढे डोक्यावरून ओढणी घेतलेली गोरीपान मुलगी. ती डबी उघडली की आत मखमल, मखमलीत प्लॅस्टिकची डबी, डबीत कागद आणि कागदात केशर. शेवटचा कागद उलगडताना शिंक येणार असेल तर आधी शिंकून घ्यावं. खायच्या डबीवर नुसतं वजन आणि किंमत. दोन्हींत माल कदाचित एकच असेल. पण द्यायची डबी घेणारा सहसा वजन विचारत नाही आणि खायची घेणारा चित्र बघत नाही.

"मोंगरा देऊ का लच्छा?" हा पुढचा प्रश्न. इथे बरेच जण भाव कळेपर्यंत विचारात पडल्यासारखं करतात. मोंगरा म्हणजे निव्वळ लाल टोकं. लच्छा म्हणजे त्या लाल टोकाला खालची पिवळट शेपटीही ठेवलेली. शेपटीला रंग आणि वास नावापुरताच, वजन मात्र पुरेपूर. तरी लच्छा घेणारी माणसं आहेत, कारण डबी भरलेली दिसते.

भाव ऐकून "बाप रे" म्हणायचीही प्रथा आहे, आणि ती पाळायला हरकत नाही. किलोचा भाव लाखांत जातो. पण ते का, हेही ऐकावं. केशराचं फूल जांभळं. एका फुलात लाल तंतू तीन. ते हाताने खुडायचे, यंत्राचं तिथे काम नाही. किलोभर सुकं केशर व्हायला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे ग्रॅमला दीडशे. झाडाला बी धरत नाही, लागवड कंदाची. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून जेमतेम दोन-तीन आठवडे. काश्मीरमध्ये पांपोरच्या पठारावर सकाळी फुलं तोडतात आणि मग सगळं घर टोपल्या घेऊन ती निवडायला बसतं. आपल्या घरात मेथीची एक जुडी निवडायला माणूस मिळत नाही. तीच मेथी खात खात आपण म्हणतो, "केशर इतकं महाग कसं हो?"

पांपोर श्रीनगरच्या अलीकडे, जम्मूकडून येणाऱ्या हमरस्त्यावर लागतं. आपल्याकडची सहल काश्मीरला जाते ती मुलांची परीक्षा झाल्यावर, मे महिन्यात. गाडी थांबते. "ये देखिये, केसर का खेत," ड्रायव्हर सांगतो. समोर उघडी तपकिरी जमीन. केशराचे कंद त्या दिवसांत मातीखाली झोपलेले असतात. दिवाळीच्या सुमाराला या म्हणतात. तरी सगळी बस खाली उतरते आणि त्या जमिनीसमोर उभी राहून फोटो काढते. मग शेजारच्या दुकानात शिरते. दुकानदार "अपने ही खेत का है" म्हणतो, केहव्याचा पेला पुढे करतो, आणि मंडळी शेजारी-पाजारी, ऑफिस, विहीणबाई आणि मुलांची शिकवणी घेणाऱ्या बाई अशी उजळणी करत अर्ध्या-अर्ध्या ग्रॅमच्या डब्या मोजायला लागतात.

या डब्यांचं पुढे काय होतं? विहीणबाई डबी बघून "अगं बाई, कशाला!" म्हणतात आणि कपाटात ठेवतात. गणपतीत त्यांच्याकडून ती नणंदेकडे जाते, नणंदेकडून तिच्या जावेच्या डोहाळजेवणाला. जिला डोहाळजेवणात मिळाली तिच्या सासूबाई मात्र डबी उघडतात, कारण केशरदूध प्यायलं की बाळ गोरं होतं, अशी त्यांची समजूत असते. बाळ आईबापांवरच जातं आणि सासूबाई म्हणतात, "केशर खोटं निघालं." दोष केशराला लागला तर घरात शांतता राहते, हाही त्याचा एक औषधी गुण धरावा.

ज्यांच्याकडे डबी टिकते त्यांच्याकडे ती चांगल्या दिवसासाठी टिकते. दागिन्यांच्या कप्प्यात, पासबुकाच्या खाली, कधी फ्रीजमध्ये लोण्याच्या मागे. पाडवा आला, "आता श्रीखंड विकतचंच आणतोय, त्यात असतंच." कोजागिरी आली, "मसाला दुधाचं तयार पाकीट आहे." नारळी पौर्णिमा आली, "गुळाचा करतोय, गुळात कशाला?" केशराचा वास बंद डबीतही दोन-तीन वर्षांत उतरत जातो. तो पूर्ण उतरला की चांगला दिवस येतो.

नारळी पौर्णिमेच्या त्या वाक्यात मात्र तथ्य आहे. कोकणात नारळीभात गुळाचा, आणि गुळाच्या रंगापुढे केशराचं काही चालत नाही. गूळवाल्यांचं म्हणणं असं, की साखरेचा नारळीभात हा भात नसून भाताला दिलेली मिठाईची नोकरी आहे. साखरवाल्यांचं म्हणणं, गुळाचा भात चवीला चांगला, पण पाहुण्यांपुढे ठेवण्यासारखा दिसत नाही. यातून तडजोड म्हणून काही घरांत निम्मा गूळ, निम्मी साखर आणि दोन काड्या केशर घालतात. तो भात दोन्ही पक्ष नावं ठेवत संपवतात.

डबी उघडायची वेळ आली की घरातल्या पुरुषमाणसाला विज्ञान आठवतं. एरवी दूध उतू जाताना जो माणूस वर्तमानपत्रातून मान वर काढत नाही, तो स्वयंपाकघरात येऊन विचारतो, "पण हे खरं कशावरून?" त्याच्या फोनवर त्याविषयी चलचित्र आलेलं असतं. मग काचेची वाटी येते, गार पाणी येतं, चार काड्या पाण्यात पडतात आणि घर वाटीभोवती जमतं. खऱ्या केशराचा रंग पाण्यात सावकाश उतरतो, उतरतो तो पिवळा, आणि काडी बराच वेळ लालच राहते. खोटी काडी पडल्या पडल्या लाल रंग ओकते आणि स्वतः फिकी पडते. हे खरं आहे. अडचण एवढीच, की 'सावकाश' म्हणजे किती हे फोनमध्ये सांगितलेलं नसतं. पाच मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, "उतरत नाहीये." दहा मिनिटांनी कोणीतरी म्हणतं, "जास्तच उतरतोय." मग चार काड्या चिमटीत चोळून बोट पिवळं होतं का ते पाहतात, चार जिभेवर ठेवतात. केशराला वास गोड, चव कडवट. काडी चघळून गोड लागली तर संशय घ्यावा. सगळ्या चाचण्या होऊन केशर शंभर टक्के अस्सल ठरतं तेव्हा भातात घालायला ते उरलेलं नसतं.

खोटं केशर कशाचं करतात हे कळल्यावर माझा राग थोडा निवळला. मक्याच्या कणसाचे केस रंगवतात, त्याचं काही वाटत नाही. पण करडईच्या वाळक्या पाकळ्याही केशर म्हणून खपतात, आणि करडई म्हणजे आपल्या सोलापूर-मराठवाड्याकडचं हक्काचं पीक. म्हणजे आपण ज्याला काश्मीरचं बनावट म्हणून नावं ठेवतो ते कदाचित महाराष्ट्राचं अस्सल असेल. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या न्युर्नबर्ग शहरात केशरात भेसळ करणाऱ्यांना मालासकट जाळत. आपल्याकडे इतकं टोक कोणी गाठत नाही. आपण दुकान बदलतो, आणि नव्या दुकानदारालाही विचारतो, "काश्मीरचंच ना?"

तो "हो" म्हणतो. जगातलं सुमारे नव्वद टक्के केशर इराणात पिकतं, हे तोही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. काश्मीरच्या केशराला 2020 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून खात्री करायची तर ते चिन्ह बघता येतं. पण ते डबीवर बारीक अक्षरात असतं आणि शिकारा मोठा असतो. दुबईहून येणारे भाचे इराणचं केशर आणतात, ते चांगलंच असतं. तरी देताना "मामी, ओरिजिनल आहे" एवढंच म्हणतात, देशाचं नाव घेत नाहीत. देशाचं नाव मामी पंगतीत घालते. काश्मीरचं.

आता भात. साखरभात म्हणा, केशरीभात म्हणा, करायला बसलं की तो सोपा नाही हे कळतं. तांदूळ धुऊन तासभर निथळत ठेवायचा. तुपात लवंगा टाकायच्या, त्या फुगल्या की तांदूळ परतायचा, आधणाचं पाणी घालायचं, वर लिंबू पिळायचं म्हणजे शितं पांढरी आणि सुटी राहतात. आमच्या सासूबाई आंबेमोहोराच्या पक्षाच्या, पण साखरभाताला त्या लांब दाण्याचा जुना तांदूळच घेत. आंबेमोहोराला स्वतःचा वास असतो, त्याने केशराचं ऐकून घेतलं नसतं.

मग येतं शीत चेपणं. दोन बोटांत शीत धरायचं आणि दाबायचं. मध्ये कणी लागता कामा नये आणि शिताचा लगदाही होता कामा नये. साध्या भातात कणी राहिली तर झाकण ठेवून वाफ देता येते. इथे तसं नाही. साखर एकदा आत गेली की शिताच्या वाटणीचं पाणी ती स्वतःकडे ओढून घेते, आणि मग शीत मऊ व्हायचं नाव घेत नाही. उलट जे मऊ होतं तेही जरा ताठ होतं. सासूबाई म्हणायच्या, "भात आधी शिजवा, साखर त्याला मग दाखवा." सुनांना उद्देशून हे इतक्यांदा म्हटलं गेलं होतं, की त्यात भाताशिवायही काही असावं अशी आम्हा जावांना शंका होती.

भात परातीत मोकळा करून गार होईपर्यंत पाक. वाटीभर तांदळाला दीड वाटी साखर. मागच्या पिढीत दोन घालत आणि वर तूप सोडत. पाक एकतारीच्या पुढे गेला नाही पाहिजे. गोळीबंदापर्यंत गेला तर वाढताना डाव नको, सुरी हवी. पाकात भात पडला की क्षणभर सगळं पातळ होतं. नवी सून इथे घाबरते आणि आच वाढवते. सासूबाई दारातून न बघता म्हणतात, "आच कमी कर." खाली तवा सरकवायचा, वर झाकण, आणि थांबायचं. हळूहळू ते पाणी आत मुरतं आणि शितं पुन्हा सुटी होतात.

केशर या सगळ्यात कुठे? तुपात नाही. केशराचा रंग ज्याचा, ते क्रोसिन पाण्यात उतरतं, तुपात उतरत नाही. लवंगांबरोबर फोडणीत केशर टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. काड्या तळून निघतात आणि भात पांढराच राहतो. रीत अशी, की काड्या कोरड्या पळीत किंचित गरम करायच्या, खलात घालून खलायच्या आणि कोमट दुधात सोडायच्या. अर्ध्या तासाने दूध पिवळं होतं आणि घरभर वास सुटतो. त्या वासाने फोनवर बोलणारी माणसं बोलता बोलता स्वयंपाकघराच्या दाराशी येतात. ते दूध भातावर फिरवायचं, हलक्या हाताने खालीवर करायचं, झालं.

झाकण काढल्यावर दिसतो तो भात फिकट पिवळा. काही शितं चांगली पिवळी, काही उजळ, काही पार पांढरी राहिलेली. वास असा, की पातेल्याशी उभं राहून नुसता घ्यावा. पण रंग असा, की बघणारी प्रत्येक बाई विचारते, "केशर कमी पडलं का गं?"

केशर कमी पडलेलं नसतं. आपल्या डोळ्यांना सवय लागली आहे ती लग्नाच्या हॉलमधल्या भाताची. तो झगझगीत नारिंगी, एकसारखा, बोटांना लागला तर साबणाला दाद न देणारा. खऱ्या केशराने तो रंग आणायचा तर ओंजळीने घालावं लागेल आणि मग भात कडू होईल. ज्या इराणात इतकं केशर पिकतं तिथली माणसं भात बहुतेक पांढराच ठेवतात. केशर साखरेच्या चिमटीबरोबर कुटतात, गरम पाण्यात मुरवतात, थोडासा भात त्यात रंगवतात आणि तो पांढऱ्या भातावर पसरतात. नव्वद टक्के पीक ज्यांच्या घरात, त्यांना वरचा थर पुरतो. एक काडी न पिकवणाऱ्या आपल्याला पातेल्याचा तळसुद्धा नारिंगी लागतो.

म्हणून प्रत्येक घरात मसाल्याच्या डब्याच्या मागे एक छोटी बाटली असते. ती कोणी आणली हे कोणालाच आठवत नाही. बहुधा कधीतरी दिवाळीत जिलब्या करायचा बेत झाला होता. तिच्यावर बारीक अक्षरात टार्ट्राझिन, सनसेट यलो अशी नावं असतात. फिकट भात समोर, पाहुणे दारात, आणि हात त्या बाटलीकडे जातो. "एकच थेंब. कळणारही नाही." थेंब पडतो. आता भातात खरं केशर आहे आणि खोटा रंग आहे. पाहुणे रंगाची तारीफ करतात आणि श्रेय केशराला देतात.

मराठवाड्यातल्या मुसलमान घरांतल्या लग्नांत जर्दा असतो, त्याच्या बाबतीत हा तंटा मी ऐकला नाही. तोही गोड, तोही भात, त्यातही काजू-बेदाणे. बहुतेक ठिकाणी तो रंगाचाच असतो आणि तसं कोणी लपवत नाही. काही जण तर केशरी, हिरवी, लाल अशी शितं मुद्दाम वेगवेगळी रंगवतात. जर्दा खाणारा काश्मीरचं नाव विचारत नाही. पुन्हा वाढा म्हणतो.

आमच्या घरात थेंब घालायची बंदी आहे, कारण नवऱ्याने चाचण्या केलेल्या असतात. परिणामी वाढताना संवाद होतो तो असा. मामेसासरे पानाकडे बघतात.

"साखरभात केलास का? वा वा."

"केशरीभात आहे मामा. केशर घातलंय."

"हो का? कुठंय?"

"खललंय ना, दुधात."

"हं." मामा घास घेतात. चावतात. डोळे मिटतात. "आहे बरं का. मला वाटलंच काहीतरी वास येतोय. पण काय आहे, केशर असं दिसलं पाहिजे."

तेव्हापासून मी सहा-सात काड्या न खलता बाजूला ठेवते आणि वाढायच्या आधी भातावर वरून पेरते. त्या काड्यांचा चवीला उपयोग नाही. कोणाच्या पानात एखादी जाते, कोणाच्या नाही. ज्याला मिळते तो शेजाऱ्याला दाखवून खातो. पण मामा खूश आहेत, आणि "आता कसं!" म्हणून दुसऱ्यांदा घेतात.

या सगळ्या अनुभवाच्या जोरावर मी पुतणीच्या लग्नाच्या बोलण्यांत केटररसमोर बसले. मसालेभात, अळूची भाजी, पंचामृत, जिलबी, मठ्ठा असं ठरत आलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, "आणि केशरीभात. खरा."

केटररने पेन टेबलावर ठेवलं. "खरा म्हणजे खऱ्या केशराचा?"

"हो. पैशाचं बघू आम्ही."

मी पत्रिकेच्या पाकिटावर हिशेब मांडला. पाचशे पानं. वाटीभर तांदळात पाच जणांपुरता भात होतो, म्हणजे शंभर वाट्या. वाटीला वीस काड्या धरल्या तर दोन हजार काड्या. ग्रॅमला साडेचारशे काड्या भरतात, म्हणजे पाच ग्रॅमच्या आत भागतं. हात सैल सोडून दहा ग्रॅम घेतलं आणि ग्रॅमला पाचशे रुपये मोजले, तर झाले पाच हजार. पाकीट मी दिरांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचून हॉलच्या कमानीवरच्या फुलांचा खर्च आठवला आणि गप्प बसले. पाचशे माणसांना खरं केशर खाऊ घालायला कमानीच्या एका खांबाएवढेही पैसे लागत नव्हते. इतकी वर्षं आपण सगळे महागाई, महागाई म्हणत रंग खात आलो होतो.

"बघा, परवडतंय," मी केटररला म्हटलं.

"वहिनी, परवडायचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "मी घालीन. एका लग्नात घातलं होतं, पार्टीचाच आग्रह होता. भात असा झाला होता म्हणून सांगतो, आमची पोरं मागे उभी राहून खात होती. पण वरपक्षाकडून निरोप आला की केशरीभात सांगून हळदीचा भात घातला. वधूपिता माझ्याकडे आले. मी डबी दाखवली, पावती दाखवली. त्यांनी ती नेऊन व्याह्यांना दाखवली. व्याही म्हणाले, डबी असेल हो, पण भातात कुठंय? जाताना लोक मला विचारत होते, रंग संपला होता का?"

जाऊबाई विचारात पडल्या. मुलीकडचे आम्ही. डबी-पावतीची वेळ आमच्यावर आली तर?

"मग काय करायचं?" दिरांनी विचारलं.

"आम्ही करतो तसंच करू. भात रंगाचा. चांगल्या कंपनीचा रंग, हॉलच्या लायटीत एकदम उठून दिसतो. वासाला थोडा इसेन्स. वर काड्या पेरू, त्या खऱ्या, अर्धा ग्रॅम पुरे. बाजूला पाटी, 'काश्मिरी केशरभात'. आणि वाढायला एक बाई घरची द्या, तोंडाने सांगणारी."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज शेवटच्या पानापर्यंत जातो, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. मी पाकिटावरचा हिशेब घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि मान डोलावली.

केटररने पेन उचललं, 'केशरीभात' लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"आता बघा वहिनी," तो म्हणाला, "सगळ्यांना खरं वाटेल."